बारा टक्के

"दाजी, गाडी पुन्हा थरथरतेय!" डिगंबर फोनवर ओरडत होता. त्याच्यामागे राहुड घाट चढणाऱ्या ट्रकांची घरघर ऐकू येत होती. "घाटात ओढच नव्हती. आता न्यूट्रलला उभी केलीय तर अख्खी केबिन हादरतेय. पिवळा दिवा लागलाय. मिसिंग मारतेय नुसती."

"रेस देऊन बघ."

"बघितली. रेस दिली की मरते."

"मग थांब जरा वेळ आणि नीघ हळूहळू. मागे केळी आहेत, विटा नाहीत," असं म्हणून पद्माकरने फोन ठेवला. ठेवल्याबरोबर त्याच्या मनात पाल चुकचुकली. थांब म्हणालो, म्हणजे याच्या पथ्यावरच पडलं की!

आता हे मनात येणं म्हणजे अतिच झालं. डिगंबर काही कुठून तरी उचलून आणलेला ड्रायव्हर नव्हता. इंदूचा, म्हणजे पद्माकरच्या बायकोचा, सख्खा धाकटा भाऊ. पद्माकरच्या कमरेने दगा दिला तेव्हापासून सावद्याची केळी वाशीला पोचवायचं काम तोच करत होता. गाडी पद्माकरची, हात डिगंबरचे, आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही असा कारभार. "मेहुणा आहे म्हणून दुपारी डोळा लागतो माझा," असं पद्माकर चारचौघांत छाती फुगवून सांगायचा. तोच पद्माकर हल्ली दुपारभर टक्क जागा असायचा, आणि त्याला जागं ठेवलं होतं नाडीने.

नाडी म्हणजे इंजिनाला जोडलेली साबणाच्या वडीएवढी डबी. गेल्या वर्षापासून विम्याची अटच होती की ती डबी असल्याशिवाय ट्रक रस्त्यावर आणायचा नाही. तिच्यातलं निम्मं शास्त्र जुनंच होतं. इंजिनाच्या फिरत्या चाकाला दाते असतात. प्रत्येक सिलिंडर पेटला की चाकाला धक्का बसतो, आणि एखादा पेटला नाही की पुढचा दाता निमिषभर उशिरा येतो. तो उशीर मोजून गाडी आपणहून कोड दाखवायची, की बाबांनो, अमुक सिलिंडर मिसिंग मारतोय. एवढं तर पद्माकरच्या जुन्या गाडीलाही कळत होतं.

नाडीने पुढचं पाऊल टाकलं होतं. देशभरातल्या लाखो ट्रकांचे असे उशीर, त्यांच्या डिझेलचे दाब, त्यांची थांबण्याची ठिकाणं, आणि शेवटी गॅरेजमध्ये काय सापडलं, हे सगळं तिला शिकवलेलं होतं. त्यामुळे काय बिघडलं एवढंच सांगून ती थांबायची नाही. कुणी बिघडवलं तेही सांगायची. 'ह' अक्षराने सुरू होणारे कोड माणसाच्या करणीचे. मालकाने असा कोड मान्य केला की ड्रायव्हरचा अंगठा यादीतून जायचा, आणि वर्षभर कुठल्याही मालकाची गाडी त्याच्या अंगठ्याने सुरू व्हायची नाही. मालकाने मान्य केलं होतं, हे मात्र ड्रायव्हरला सांगितलं जात नसे. विमा कंपन्या खूश होत्या. मालकही खूश होते, कारण आता भांडायची गरज उरली नव्हती.

पद्माकरच्या घरात मात्र एका साध्या वाक्याने आग लावली. नाडी बसवल्यावर पहिल्याच महिन्यात तिने अहवाल ऐकवला, "गाडीची इंधनाची सरासरी किंचित घसरली आहे. कारण अनिश्चित. मानवी हस्तक्षेपाची शक्यता बारा टक्के."

बारा! नापास मुलाला तरी याहून जास्त पडतात. अठ्ठ्याऐंशी टक्के तो सज्जन आहे, असंही त्याच वाक्यातून ऐकता आलं असतं. पण माणसाचा कान असा चमत्कारिक, की पद्माकरला बाराच ऐकू आले. आणि एकदा ऐकल्यावर दिसायलाही लागले. डिगंबरने घरावर स्लॅब टाकला होता, तो कशातून? मालेगावच्या पुढे तो हमखास चहाला थांबायचा, तो त्याच धाब्यावर का? धाब्यामागे डिझेल विकत घेणारे बसलेले असतात, हे काय पद्माकरला ठाऊक नव्हतं? तोही एके काळी ड्रायव्हरच होता.

त्याने तोंडाने अवाक्षर काढलं नाही. एके दिवशी टाकीच्या टोपणावर जुन्या ट्यूबचं रबर गच्च ताणून बसवलं, वर लोखंडी पट्टी आवळली आणि पट्टीला कुलूप ठोकलं. किल्ली करदोट्याला. टाकी सावद्यात स्वतः उभं राहून भरायची, जाऊन येऊन पुरायची, म्हणजे रस्त्यात उघडायचं कारणच नाही.

"रस्त्यात चोर फार झालेत रे," तो डिगंबरला म्हणाला.

डिगंबर कुलपाकडे बघत राहिला. "हो, झालेत खरे," म्हणाला आणि केबिनमध्ये चढला.

त्यानंतरच्याच खेपेपासून गाडी थरथरायला लागली. आणि गंमत अशी, की थरथरायची ती फक्त डिगंबरच्या हातात. तो परत आला की पद्माकर पहिलं काम करायचा ते कुलूप काढून टाकीत पट्टी घालून डिझेल मोजायचं. थांबत, हलत आलेल्या गाडीने ते जरा जास्त प्यायलेलं असायचं, पण पद्माकरला चोरलेलं वाटायचं. मोजून झालं की म्हणायचा, "हं, लाव आता." गाडी लागायची ती कशी, तर तूप! ना थरथर, ना मिसिंग, ना पिवळा दिवा.

"आत्ताच हलत होती हो दाजी. फाटकात शिरेपर्यंत हलत होती," डिगंबर काकुळतीने म्हणायचा.

"मला बघून घाबरली असेल," पद्माकर म्हणायचा. दोघंही हसायचे नाहीत.

गाडी लुकमान तडवीकडेही नेऊन झाली. फैजपूर रस्त्यावर त्याचं गॅरेज, आणि पद्माकरचा जुना दोस्त. त्याने नोझल बदलले, डिझेल फिल्टर बदलला, वायरिंग हलवून बघितलं, छातीठोक सांगितलं, "आता हलली तर मिशी काढून देईन भो." पुढच्याच खेपेला राहुडला गाडी हलली. लुकमानने मिशी काढली नाही, पण पद्माकरचा फोन उचलणं बंद केलं.

मग आली आजची खेप. थोडा वेळ थांबून निघायचं म्हणत डिगंबर निघाला, पुन्हा अडकला, पुन्हा थांबला. भर एप्रिलचं ऊन. वाशीला पोचेस्तोवर हिरवी केळी गाडीतच पिवळी पडली होती. व्यापाऱ्याने हात वर केले. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाडी पद्माकरच्या फोनवरून बोलली. तिचा आवाज बाईचा होता आणि भारी अदबीचा.

"कोड ह-एकाहत्तर. इंधनाचा दाब प्रवासात पडतो, गाडी थांबल्यावर हळूहळू सावरतो. नळी फोडून इंधन काढण्याच्या प्रकारांशी हे जुळतं. चालकाची जबाबदारी, शक्यता सत्त्याऐंशी टक्के. मान्य असल्यास नुकसानभरपाई मिळेल."

इंदू भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "काय म्हणाली ती?"

"ऐकलंस ना."

"मी ऐकलं. तुम्ही काय ऐकलंत ते विचारतेय."

"मी काही म्हणत नाहीये, इंदू. यंत्र म्हणतंय."

"यंत्राला माझा भाऊ कोण कुठला ते माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. सरळ विचारा ना त्याला, चोरतोस का म्हणून! तो सांगेल हो किंवा नाही. हे असं किल्ली कंबरेला बांधून हिंडायचं कशाला?"

पद्माकरला मिरच्या झोंबल्या. पण खरं सांगायचं, तर त्याला विचारायचंच नव्हतं. डिगंबर 'नाही' म्हणाला असता तर विश्वास ठेवावा लागला असता, आणि विश्वास ठेवायचा तर केळ्यांचं नुकसान स्वतःच्या खिशातून सोसावं लागलं असतं. यंत्राने विचारलं, यंत्राने ठरवलं, यात केवढी सोय होती! त्याने दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी इंदू देवळात गेलेली बघून 'मान्य' म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिगंबर नेहमीसारखा आला. गाडीला हात लावून नमस्कार केला, चढला, अंगठा टेकवला.

"क्षमस्व," नाडी म्हणाली. "चालक दिगंबर भंगाळे यांना परवानगी नाही."

त्याने अंगठा शर्टाला पुसला आणि पुन्हा टेकवला. मग दुसऱ्या हाताचा टेकवला. नाडी तितक्याच वेळा क्षमस्व म्हणाली. पद्माकर ओसरीवर उभा होता आणि त्याला वाटत होतं, आता हा खाली उतरून माझी गचांडी धरेल. धरली असती तर बरं झालं असतं. डिगंबर उतरला, जवळ आला आणि म्हणाला, "यंत्राने घोळ घातलाय दाजी. तुम्ही काळजी करू नका. मी जळगावला जाऊन अर्ज करतो. तुमचं नुकसान व्हायला नको, तोपर्यंत दुसरा कुणी बघा."

तुमचं नुकसान!

दुसरा कुणी मिळाला नाही. केळीचा हंगाम ऐन भरात, रिकामा ड्रायव्हर कुठे सापडणार? शेवटी पद्माकरने कमरेला पट्टा आवळला आणि स्वतःच स्टिअरिंग धरलं. सोबतीला लुकमानला घेतलं. तोही आला, कारण इंदूने त्याच्या गॅरेजात जाऊन त्याला चार शब्द सुनावले होते.

धुळ्यापर्यंत गाडी मजेत चालली. "बघितलंस?" पद्माकर म्हणाला. "माणूस बदलला, गाडी सुधारली." मालेगाव मागे पडलं आणि राहुडच्या चढावर पद्माकरच्या पायाखालचा जोर गेला. ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी पुढे सरकेना. कशीबशी वर चढवून त्याने कडेला घेतली, न्यूट्रल केली, आणि अख्खी केबिन हादरायला लागली. पिवळा दिवा लागला. पद्माकरचे दात एकमेकांवर आपटत होते, आणि ते काही फक्त इंजिनामुळे नव्हे.

"कोड ह-एकाहत्तर," नाडी अदबीने म्हणाली. "चालक पद्माकर बऱ्हाटे यांच्याकडून इंधन काढलं जाण्याची शक्यता एकोणऐंशी टक्के."

लुकमान जो हसत सुटला! "अरे वा भो! स्वतःच्याच गाडीतलं डिझेल चोरतोस? विकलंस कुणाला, वहिनींना?"

पद्माकरला हसू आलं नाही. डिगंबर दर खेपेला हेच सांगत होता. असंच थरथरतेय, इथेच थरथरतेय. शब्दन् शब्द खरा होता. पण सवय वाईट. तो उतरला आणि सवयीनेच टाकीकडे गेला. लुकमानही मागोमाग आला. इंजिन चालूच होतं, थडथड, थडथड. पद्माकरने करदोट्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं, पट्टी सोडली आणि रबर ओढलं. ते निघेना. टोपणाला असं चिकटलं होतं की आतून कुणी तरी धरून ठेवलंय. त्याने दोन्ही हातांनी हिसका दिला.

सुस्स करून टाकीने हवा आत ओढली. केवढी तरी ओढली. आणि मग, दोघं बघत असताना, इंजिनाची थडथड मंदावली, एकसारखी झाली, आणि गाडी पुन्हा तूप.

लुकमानने रबर हातात घेतलं, टोपणावरचं बारीक छिद्र बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "हे कुलूप कधी लावलंस?"

"तीनेक महिने झाले."

"आणि मी नोझल बदलत बसलो! अरे, टाकीला श्वास लागतो रे. आतलं डिझेल संपतं तेवढी बाहेरची हवा आत यायला नको? हे छिद्र त्याचसाठी असतं. तू रबराने नाक दाबलंस. दोनशे किलोमीटर गेल्यावर आत पोकळी होते, डिझेल पुढे सरकतच नाही. पंप ओढून ओढून दमतो, नोझलला पुरेसं मिळत नाही, गाडी मिसिंग मारते. थांबलं की कुठून तरी थोडी हवा झिरपते, गाडी सावरते. आणि घरी आल्यावर तू काय करत होतास? आधी कुलूप उघडून डिझेल मोजायचास, आणि मग गाडी लावायचास!"

पद्माकर टायरला टेकून खाली बसला. नाडीतही टाकीच्या आतली हवा मोजायची सोय नव्हती. टाकी श्वास घेते, हे तिला शिकवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं. एखादा मालक आपणच आपल्या गाडीचं नाक दाबून ठेवेल, हे लाखो गाड्यांत कुठे घडलं नसावं.

वाशीची खेप करून आल्यावर त्याने पहिली गोष्ट केली ती नाडीपुढे उभं राहून कबुली द्यायची. मागे इंदू दारात होती. "टाकीला रबर मी बसवलं. त्या रबराने छिद्र बंद झालं. डिगंबरचा काही संबंध नाही."

"उद्देश?" नाडीने विचारलं.

त्याने इंदूकडे बघितलं. "उद्देश कसला? नजरचूक झाली."

"मालकाने स्वतःच्या गाडीचं इंधन अडवण्यामागे लाभ दिसत नाही. चालक मालकाचा नातेवाईक आहे. नातेवाइकाला वाचवण्यासाठी दिलेली खोटी कबुली असण्याची शक्यता एक्याण्णव टक्के. कबुली अमान्य. ठोस उद्देशासह, चालकाच्या समक्ष, ती पुन्हा नोंदवता येईल."

पद्माकर चाटच पडला. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायला उभा राहिला आणि डबी त्याला खोटारडा म्हणाली! पण मागे वळला तर इंदूच्या डोळ्यांत पाणी.

"माझ्या भावासाठी अंगावर घेतलंत," ती म्हणाली. "आणि मी तुम्हाला काय काय बोलले!"

त्या दिवशी घरात वांग्याचं भरीत झालं, पुरी झाली, शिरा झाला. इंदूने फोन करून माहेरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिगंबर आला तो सरळ पद्माकरच्या पाया पडला. "दाजी, कोण करतं हो असं? पण खोटं नका बोलू माझ्यासाठी. विमावाले तुमच्यावर उलटतील. मी करीन माझं काही तरी. आंबे उतरवायला जाईन." तो हसत होता. दाढी वाढलेली होती.

खरं सांगू का, पद्माकरला त्या क्षणी वाटलं, राहू द्यावं. लुकमान तोंड उघडणार नव्हता. बायको पुन्हा नीट बोलायला लागली होती, मेहुणा पाया पडत होता. घर कधी नव्हे इतकं गोड झालं होतं. फक्त या पोराला वर्षभर दुसऱ्याच्या बागेत राबावं लागणार होतं, आणि ते तो हसत हसत करणार होता. त्या हसण्याचाच पद्माकरला भयंकर राग आला, आणि मग कळलं की राग स्वतःचाच येतोय.

"चल," तो म्हणाला आणि डिगंबरला हाताला धरून गाडीपाशी घेऊन गेला. इंदूही मागे आली. त्याने नाडी चालू केली.

"कबुली. चालक समोर आहे."

"उद्देश?" नाडी म्हणाली.

पद्माकरने डिगंबरकडे बघितलं नाही. "मला वाटत होतं, हा डिझेल चोरतो. तू बारा टक्के म्हणालीस ना, तेव्हापासून वाटत होतं. रस्त्यातल्या चोरांचं मी खोटं सांगितलं. माझ्या मनात चोर हाच होता. म्हणून टाकी बांधून ठेवली. आणि तू त्याच्यावर आळ घेतलास तेव्हा बायको घरात नाही बघून मी मान्य म्हणालो. माझा स्वतःचाच तसा समज होता, आणि मला नुकसानभरपाईही हवी होती."

इंदूने तोंडावर पदर धरला.

नाडी म्हणाली, "उद्देश सुसंगत आहे. चालकाने ऐकल्याची खूण म्हणून अंगठा टेकवावा."

डिगंबर तसाच उभा होता. हसू कधी गेलं ते पद्माकरला कळलं नाही, कारण त्याची वर बघायची छाती नव्हती. डिगंबर म्हणाला, "मी सगळ्यांना सांगत होतो, यंत्राला माझा संशय आला, दाजींना नाही. घरी बायकोला सांगितलं. आईला सांगितलं. त्याच्यावरच मला झोप लागत होती."

"चुकलो रे डिगा."

"यंत्राविरुद्ध अर्ज केला मी जळगावला. तुमच्याविरुद्ध कुठे करू?"

त्याने अंगठा टेकवला. "चालक दिगंबर भंगाळे निर्दोष. जबाबदारी, मालक पद्माकर बऱ्हाटे. नुकसानभरपाई परत वसूल होईल," नाडीने सांगितलं आणि अदबीने आभारही मानले.

डिगंबर केबिनमध्ये चढला. गाडी लावली. एका झटक्यात लागली. इंजिन एका लयीत चालत होतं, स्टिअरिंगवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी थेंब सांडला नसता. त्याने थोडा वेळ कान देऊन ऐकलं, बंद केलं आणि खाली उतरला.

"गाडी ठीक आहे तुमची," तो म्हणाला. "ड्रायव्हर दुसरा बघा, दाजी. मला फैजपूरला एक जण मागे बोलावत होता."

तो फाटकाकडे निघाला. इंदूने एकदा नवऱ्याकडे बघितलं, पायांत चपला सरकवल्या आणि भावाला रस्त्यापर्यंत सोडायला गेली.